ड्रायच्या उलट

आईच्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं म्हणून तिला दवाखान्यात घेऊन गेलो होतो. दीडेक तासाने बाहेर पडलो तेव्हा हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं, ‘ड्राय आय’. रिक्षात वारं लागून तिचे डोळे पुन्हा भरून आले होते. पदराच्या टोकाने ते टिपता टिपताच तिने विचारलं, “काय लिवलंय रं त्यात?” मी औषधाचं दुकान कुठे आहे ते फोनवर शोधत होतो. मान वर न करता म्हणालो, “कोरडे डोळे.” रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली. पुढचा चौक आला आणि गेला. मग आई हळूच म्हणाली, “माजं डोळं कोरडं?” एवढंच. तिने तोंड बाहेर वळवलं आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

रात्री ती नेहमीसारखी जेवली, नातवंडांशी बोलली, मान मागे टाकून थेंब घालून घेतले. मला मात्र झोप येईना. शब्दकोश उघडला असता तरी मी सांगितलेला अर्थच मिळाला असता. पण आमच्या माणदेशात एखाद्या बाईचे डोळे कोरडे आहेत असं म्हणतात ते डोळ्यांबद्दल नसतं, काळजाबद्दल असतं. हा आरोप आईवर दोन वर्षांपूर्वी एकदा झाला होता, माझ्या कानांदेखत. तोच शब्द मी परवा भर रस्त्यात तिच्या हातात ठेवला होता.

शब्द इकडून तिकडे आणणं हे माझं पोटाचं काम. शेतकऱ्यांसाठीची माहितीपत्रकं, विम्याचे अर्ज, औषधांच्या डब्यांवरच्या सूचना, असलं सगळं मी बावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत आणतो आहे. माझ्याकडे एक जाड वही आहे. घोटाळा करणारे शब्द त्यात लिहून ठेवतो. त्या रात्री ती काढली आणि ‘ड्राय’चं पान उघडलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं पान. कोरडा, सुका, वाळलेला, आटलेला, शुष्क, रुक्ष, भाकड, नुसता, अगोड. प्रत्येकासमोर मी त्याचा विरुद्धार्थी शब्दही लिहिलेला, कारण एखादा शब्द नेमका कुठे बसतो ते त्याच्या उलट काय येतं यावरून कळतं, हे मला फार उशिरा समजलं.

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा एवढं अवघड नव्हतं. गुरुजींनी फळ्यावर ‘ड्राय’ लिहिलं, मधे फुली मारली आणि पलीकडे ‘वेट’ लिहिलं. खाली मराठीत सुका आणि ओला. आम्ही तालासुरात दहा वेळा म्हटलं आणि ते पक्कं झालं. शाळेच्या मागेच कडब्याची गंज होती, तिचा वाळका गोडसर वास वर्गात यायचा. सुका म्हणजे तो वास, अशी माझी खूणगाठ. ओल्याचा वास मृगाच्या पहिल्या सरीचा. त्या वयात जग एवढ्या दोन वासांत मावत होतं.

कोरडा आणि सुका हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी घालत नाही, हे आपल्याला कुणी शिकवत नाही आणि तरी आपण चुकत नाही. पावसातून छत्री घेऊन आलेला माणूस कोरडा येतो, सुका येत नाही. बोंबील सुके असतात, त्यांना कुणी कोरडे बोंबील म्हणत नाही. खोबरं सुकं, मेवा सुका. हात मात्र कोरडे करून मगच पिठाच्या डब्यात घालायचे. जे सुकं असतं त्यात कधीतरी पाणी होतं, ते गेलं आणि मागे काहीतरी उरलं, टिकलं, कधी चवीला वाढलंसुद्धा. कोरड्यापर्यंत पाणी पोचलेलं नसतं, किंवा पोचू दिलेलं नसतं. विहीर आणि घसा या दोघांत पाणी असायला हवं आणि ते नाहीसं होतं, तेव्हा आपण ‘पडणं’ जोडतो. विहीर कोरडी पडली, घशाला कोरड पडली. जणू ते कोरडेपण त्यांचं स्वतःचं नाही, वरून कोसळलं आहे. आणि वाहतं असतं ते आटतं. झरा आटतो, ओढा आटतो, दूध आटतं.

दुधावरून एक गोष्ट मनात घर करून आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी गाईंच्या आहाराचं एक पत्रक मराठीत केलं होतं. मूळात ‘ड्राय काऊ’ होतं, मी सरळ ‘भाकड गाय’ लिहिलं. छापून वाटप झाल्यावर एका गोठ्यावर गेलो असताना एक वयस्कर शेतकरी ते पत्रक घडी घालून खिशात ठेवून उभे होते. त्यांनी ते उलगडलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि समोरच्या गाईकडे बघत म्हणाले, “साहेब, ही गाभण हाय. हिला भाकड म्हनू नगा.” मग त्यांनी मला समजावलं. व्यायच्या आधी साधारण दोन महिने गाईचं दूध काढणं बंद करायचं, म्हणजे तिची कास विसावते आणि पोटातल्या वासराला पोषण मिळतं. याला आटवणं म्हणतात. भाकड गाय वेगळी, ती दूधही देत नाही आणि गाभणही नसते. दोघींच्या सडांतून थेंब येत नाही, इंग्रजीत दोघी ‘ड्राय’. पण एकीच्या उलट दुभती, आणि दुसरीच्या उलट तसा कुठलाच शब्द नाही, कारण ती कशाच्याच उलट नाही, ती वाट बघते आहे. बोलताना ते गाईच्या पाठीवरून हात फिरवत होते, तिच्या कानाशी तो शब्द निघाल्याबद्दल तिची समजूत काढल्यासारखा. मी घरी येऊन वहीत लिहिलं: आटवलेली. समोरची जागा रिकामी ठेवली. ती अजून रिकामीच आहे.

जमिनीचंही असंच. ‘ड्राय लँड’ला आपण कोरडवाहू म्हणतो, जिरायत म्हणतो. त्यातल्या जिरायत शब्दात पाण्याचा किंवा कोरडेपणाचा पत्ताच नाही, अरबी-फारसीतून आलेला तो शब्द, मूळ अर्थ शेती. त्याच्या उलट बागायत, म्हणजे बाग. आमच्या पूर्वजांनी पाणी नसलेल्या रानाला नुसतं शेत म्हटलं आणि पाणी असलेल्याला बाग. शेत म्हटलं की ते आभाळावरच असणार, हे इतकं गृहीत होतं. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सह्याद्रीच्या पाठीमागे सावलीत पडलेल्या आमच्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास, तोही आला तर. पण मिलिमीटर हा कचेरीतला हिशेब. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, सकाळी रानात जाऊन मातीत हात खुपसायचे आणि परत येऊन सांगायचे, “चार बोटं ओल गेलीया.” वीतभर गेली म्हणाले की घरात त्या दिवशी गोड व्हायचं.

ओल हा शब्द मला इंग्रजीत कधी नेता आला नाही.

कारण पाऊस म्हणजे ओल नाही. पाऊस वाहून जातो, ओल राहते. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, बघा. पाऊस परतायच्या सुमाराला, भाद्रपद-आश्विनात तो पेरायचा. नंतर त्याला पाऊस मिळेलच असं नाही, तरी तो काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर माणसापेक्षा उंच वाढतो. माघ-फाल्गुनात काढायला येतो तेव्हा वरची जमीन भेगाळून तडकलेली असते, भेगेत हात गेला तर मनगटापर्यंत जातो. तिला बाहेरून कुणीही कोरडीच म्हणेल. ताटं मात्र खालून पाणी पीत उभी असतात. उलटंही असतं. मुरमाड माळावर कितीही कोसळला तरी दुसऱ्या दिवशी दुपारी धूळ उडते. पेरणीसाठी तर ना ओली जमीन लागते ना कोरडी, लागतो वाफसा. मूठभर माती दाबली की गोळा होतो आणि सोडली की भुगा होतो, ती अवस्था. फळ्यावरच्या त्या फुलीच्या बरोबर जागी, ओल्या आणि सुक्याच्या मधोमध उभा असलेला शब्द. आमचं सगळं वर्ष त्या एका शब्दावर अवलंबून असायचं आणि तो शाळेतल्या कुठल्याच यादीत नव्हता.

ताटातही तेच गुंतागुंतीचं नातं. आमच्याकडे भाकरीबरोबर खायच्या पातळ कालवणाला कोरड्यास म्हणतात. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं, वाटीभर रस्सा आणि नाव त्याचं कोरड्यास? आईला विचारलं तर ती म्हणाली होती, “भाकरी कोरडी आस्ती. तिला काय तरी नगं का?” कोरड्याला, कोरड्यासाठी. म्हणजे ओल्या पदार्थाचं नावच तो कुणासाठी आहे त्यावरून पडलं. इंग्रजीत न लोणी लावलेला पाव ‘ड्राय’, आणि मद्यात साखर उरली नसेल तर तेही ‘ड्राय’, ज्याच्या उलट गोड. एकदा नाशिककडच्या द्राक्षांच्या वाइनवरचा मजकूर आला होता, तेव्हा मी दोन दिवस ‘अगोड’ आणि ‘बिनसाखरेची’ यांत अडकलो होतो. त्या सगळ्या शब्दांमध्ये मला कोरड्यास अजूनही सर्वांत शहाणा वाटतो.

आई कोरड्याला घाबरत नाही. १९७२ मध्ये ती बावीस वर्षांची होती, माझी थोरली बहीण दीड वर्षाची. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. बहिणीला बाभळीला झोळी बांधून निजवायची आणि उन्हात बसून हातोडीने दगड फोडायचे. दगडाची कपरी डोळ्यात जायची, मग कुणीतरी दुसरी बाई पदराचा पीळ करून ती काढायची. खायला मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीची भाकरी, आणि पोरांना सुकडी. सुकडीबद्दल आई सांगते तेव्हा तोंडाची हालचाल तशी होते. गोडसर, पिठूळ, टाळ्याला चिकटणारी. मूठभर तोंडात टाकली की पाणी लागायचं आणि पाणी तर नव्हतंच. टँकरची वाट बघत पोरं तोंडात ती सुकडी धरून बसायची. नावातच सुकी असलेल्या त्या अन्नावर एक पिढी जगली. या आठवणी सांगताना तिच्या डोळ्यांत मी कधी पाणी बघितलं नाही. तिला रडू येतं ते पावसात. मृगाची पहिली सर आली की उंबऱ्यात उभी राहून पदर तोंडाशी धरते. आम्ही भावंडं लहानपणापासून बघत आलो, आणि कधी विचारलं नाही.

पावसानेही दगा दिल्याची वर्षं आहेत. २०१९ च्या दिवाळीत काढणीला आलेली पिकं शिवारात उभ्या उभ्या कुजली, कणसांना तिथेच मोड आले, तेव्हा पेपरात मथळे होते ‘ओला दुष्काळ’. आपल्याला तो शब्द खटकत नाही. कोरड्याने मेलं काय, ओल्याने मेलं काय, शेवटी प्रश्न पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज, ५० च्या खाली आली का, हाच. त्या सुमाराला एका अर्जाचं काम करताना मी ओल्या दुष्काळाला इंग्रजी शब्द शोधत होतो आणि मला तो मिळाला नाही. जिथे पाणी हे कायम सुखाच्या बाजूचं धरलं जातं, तिथे हा शब्द बनणार तरी कसा?

दादा गेले ते मे महिन्यात, दोन वर्षांपूर्वी, सकाळी साडेअकराच्या सुमाराला. अंघोळ करून आले, पटका गुंडाळला, ओसरीवर टेकले आणि कलंडले. मी पुण्याहून पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं. बायका आईभोवती बसून रडत होत्या, आई मधोमध, पाठ ताठ, हात मांडीवर. मला बघून ती “आलास?” एवढंच म्हणाली. नेताना तिला आत धरून ठेवावं लागलं नाही, ती स्वतःच उठून आत गेली. मागच्या बाजूला दोघी-तिघी बोलत होत्या. “टिपूस न्हाई गं डोळ्याला. कोरडीठाक हाय.” मी ऐकलं. आणि मला हे लिहावंच लागेल की त्या क्षणी मला त्या बायकांचा राग आला नाही, आईचा आला. पंचावन्न वर्षांचा संसार, आणि एक टिपूस नाही? तो राग मी कुणाला दाखवला नाही, पण माझ्यात तो होता, आणि परवा रिक्षात मी जो शब्द इतक्या सहज उच्चारला तो कदाचित तिथूनच वर आला असेल, असं मला रात्री वही पुढ्यात घेऊन बसल्यावर पहिल्यांदा वाटलं.

त्याच दिवशी आम्ही नदीवरून परत आलो तेव्हाची गोष्ट. ऊन कलायला लागलं होतं. अंगणातल्या वलणीवर दादांचा सकाळचा टॉवेल तसाच होता. आईने तो काढला, नेहमीच्या सवयीने गालाला लावून बघितला. कपडा वाळला का ते ती आयुष्यभर असंच बघत आली आहे, हाताला फसवणूक होते, गालाला नाही, म्हणते. गालाला लावून ती क्षणभर थांबली आणि टॉवेल परत वलणीवर टाकला. “आजून वलसर हाय,” म्हणाली. मी जवळून गेलो तेव्हा त्याला हात लावला. मेमधलं आमच्याकडचं ऊन, सकाळपासूनचं. टॉवेल खडखडीत वाळला होता, कडा टोचत होत्या.

तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर तिने तो काढला.

हे मला आठवत होतं. तरीही मी त्या बायकांचं म्हणणं खरं धरून दोन वर्षं चाललो होतो, कारण टॉवेल हा मला पुरावा वाटला नव्हता.

दवाखान्यातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागदावर काम करत होतो, आई खिडकीपाशी बसून गावाकडे मावशीशी फोनवर बोलत होती. ऐकू कमी येतं म्हणून दोघी मोठ्याने बोलतात. “आगं कोरडं न्हाईत,” ती सांगत होती. “पानी लई हाय म्हनला डाक्टर. पट्टी लावून मोजलं त्यानं. पर ओल धरत न्हाईत. मुरमाड रानावानी. आलं की उडून जातंय.” मी पेन खाली ठेवलं. डॉक्टरांनी तपासताना जे जे सांगितलं होतं ते माझ्याही समोरच सांगितलं होतं, मी मात्र शेवटी हातात पडलेल्या कागदावरचे दोन शब्द तेवढे घेऊन निघालो होतो. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवली होती आणि ती चौदा मिलिमीटर भिजली होती. दहाच्या वर म्हणजे पाणी पुरेसं. मग पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात बघितलं. पापणी मिटून उघडल्यावर डोळ्यावर पाण्याचा जो पातळ थर पसरतो तो दहा-एक सेकंद तरी अखंड राहायला हवा, आईचा चार सेकंदांत तुटत होता. त्या थरावर तेलाची साय असते, ती पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येते. साय पातळ झाली की पाणी उडून जातं, बुबुळाला झोंबतं, आणि झोंबलं की डोळा घाबरून भरमसाट पाणी सोडतो. ते गालावरून वाहून जातं, डोळ्याच्या कामाला येत नाही. वाहणं आणि ओल असणं या दोन वेगळ्या गोष्टी, हे डॉक्टर खुर्ची फिरवून तिला समजावत होते, आणि ती मान डोलावत होती.

तिने फोन ठेवल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसलो. “आई, काल मी चुकीचं सांगितलं तुला.”

“तू कागदावरलं वाचलंस,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. मी दादांच्या टॉवेलचा विषय काढणार होतो. तोंडापर्यंत आलं, पण काढला नाही. तिचं ते तिच्यापाशी राहू दे, असं वाटलं. मग मी गरम पाण्याचं पातेलं आणून ठेवलं, कारण पापण्यांवर सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं शेक द्यायला सांगितला होता, आणि नंतर बोटाने पापणीची कड हलकेच चोळायची. का, ते मी तिला या वेळी नीट सांगितलं, की आतलं गोठलेलं तेल मोकळं होतं आणि पाण्यावर त्याची साय धरते, मग पाणी उडत नाही.

आई आडवी झाली. मी रुमाल पिळून तिच्या डोळ्यांवर ठेवला. वाफ तिच्या कपाळावरच्या गोंदणापर्यंत गेली.

“कोळपणीच हाय की मंग ही,” ती रुमालाखालून म्हणाली. “शाळवात कोळपं का हाणत्यात? वरची माती मोकळी ऱ्हाती, भेगा मुजत्यात, खालची ओल ऊन वडून नेत न्हाई. तुजं दादा म्हनायचं, एक कोळपणी म्हंजी आर्धं पानी दिल्यावानी.” थोडा वेळ ती काही बोलली नाही. श्वास संथ झाला होता, मला वाटलं डोळा लागला. मग तिने हात वर करून रुमालाला बोट लावून बघितलं.

“गार झालं रं हे. परत बुडीव.”